गोवंडीतलं आमचं हायस्कूल आणि हेडमॅडम

माझी मोठी गोवंडीतल्या एका अनुदानित मराठी हायस्कूलला दहावीत आहे, धाकटा सहावीत, म्हणून लिहितेय. बिल्डिंग जुनी, पटांगण नावालाच. पण हेडमॅडम खरंच मनापासून शाळा चालवतात. रोज सकाळी गेटवर स्वतः उभ्या, कोण आलं नाही ते तिथेच कळतं आणि दहाच्या आत घरी फोन येतो.

आमच्याकडे खरी गळती नववीत होते, कारण आरटीई म्हणजे मोफत शिक्षणाचा हक्क आठवीपर्यंतच, पोषण आहार पण आठवीपर्यंतच, मग घरचे म्हणतात पोराला कामाला लावा, पोरीला घरी बसवा. गेल्या वर्षी मी आजारी पडले तेव्हा माझी मोठी पंधरा दिवस शाळेत गेली नाही, तर मॅडम क्लासटीचरला घेऊन आमच्या गल्लीत आल्या, अजिबात ओरडल्या नाहीत, एवढंच विचारलं की काय केलं म्हणजे ती येईल, आणि दुसऱ्याच दिवशी तिला दुपारच्या शिफ्टला घेतलं. दहावीच्या पोरांसाठी संध्याकाळी एक वर्ग उघडा ठेवतात, दहा बाय दहाच्या खोलीत कुठे अभ्यास होणार! पालकसभा रविवारी, म्हणजे रोजंदारी बुडत नाही.

तक्रार आहेच. गणिताची जागा वर्षभर रिकामी आहे, भरतीला मान्यता वरून लागते ते माहितीये, मॅडम स्वतः तास घेतात पण यूडायसची, म्हणजे सरकारला द्यायची शाळेची ऑनलाइन माहिती भरा, मीटिंगा करा, त्यात तास बुडतोच. आणि दुपारनंतर मुलींच्या टॉयलेटला पाणी नसतं, हे आधी बघा प्लीज.

नववीला नवीन ॲडमिशन हवं असेल तर दाखला घेऊन मे महिन्यातच चौकशी करा, तुकडी लवकर भरते.