साडेसतरा फुटांची गाडी, पाच फुटांचा हौदा: डबल केबिन पिकअप आठ महिने वापरल्यावर

आमच्याकडे गाडीचं मोल लोक लाखांत सांगतात, मी कॅरेटात, म्हणजे केळी भरायच्या क्रेटांत, सांगते. छोट्या गाडीत बत्तीस कॅरेट, मोठीत अठरा. ज्यांना वाचायला वेळ नाही त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी चालेल.

चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी आमची अकरा एकर जमीन आहे. सात एकर केळी, बाकी कापूस आणि हरभरा. यजमान गेल्यापासून शेती मी आणि धाकटे दीर मिळून बघतो. हिशोबाची वही माझ्याकडे असते आणि गेली चौदा वर्षं मालाची गाडीही मीच चालवते. ती म्हणजे छोटा हाथी. टाटांनी ‘एस’ २००५ साली आणली, लोक तिला याच नावानं ओळखतात. दोन सिलिंडरचं ७०२ सीसीचं डिझेल इंजिन, अंगानं ३.८ मीटर लांब, दीड मीटर रुंद. हौदा सव्वासात फुटांचा, माल पाऊण टन.

मागच्या साली केळीला भाव बरा मिळाला. दिरांच्या आणि पुतण्याच्या मनात बरेच दिवस मोठी पिकअप होती, ती आली. चार दारांची, पाच जण बसतील अशी, फोर बाय फोर. रस्त्यावर येईपर्यंत तीस लाखांच्या घरात गेली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं एका कंपनीबद्दल नाहीच, या घडणीच्या सगळ्याच गाड्यांबद्दल आहे. अंगणात उभी राहिली तेव्हा सासूबाई तिच्याभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, “हाई गाडी शे का घर शे?” (आमच्या अहिराणीत ‘शे’ म्हणजे ‘आहे’.)

पूजा झाली, पेढे झाले. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन बसले. नाकापासून शेपटीपर्यंत साडेसतरा फूट भरली. त्यात हौदा पाच फुटांचा. त्या पाच फुटांतही दोन्ही बाजूंनी चाकांचे उंचवटे आत आलेले, त्यामुळे खाली रुंदीत सपाट जागा मधली साडेतीन फूटच. माझी जुनी गाडी साडेबारा फुटांची आहे आणि तिचा हौदा सव्वासात. म्हणजे गाडी पाच फुटांनी वाढली आणि माल ठेवायची जागा दोन फुटांनी घटली. मी दोनदा मोजलं. मग आरसी आणि माहितीपुस्तिका काढून वजन बघितलं. रिकामी गाडीच दोन टनांच्या वर, आणि माल न्यायचा अर्ध्या टनाच्या आत. माझी जुनी स्वतः टनाच्या आत आहे आणि पाऊण टन उचलते.

पहिली कापणी आली तेव्हा ९६ कॅरेट माल होता. बागेपासून डांबरी रस्त्यावर व्यापाऱ्याची मोठी गाडी उभी राहते तिथपर्यंत अडीच किलोमीटर. जुन्या गाडीच्या तीन खेपा होतात, एका खेपेला बत्तीस. नवीन गाडीला सहा खेपा लागणार होत्या. तिसरा थर लावला असता तर चार-सहा कॅरेट जास्त बसली असती, पण मग वजन मर्यादेबाहेर जातं, आणि वरच्या थराच्या भारानं खालची केळी दबतात. दबलेली केळी व्यापारी बाजूला काढतो. ते नुकसान गाडीवाल्याचं नसतं, आपलं असतं.

खेपांपेक्षाही मला लागलं ते भरताना. जुन्या गाडीच्या हौद्याचे तिन्ही बाजूंचे फाळके, म्हणजे कडेच्या फळ्या, उघडून खाली पडतात. दोन बायका डावीकडून देतात, दोन उजवीकडून, एक मागून, आणि वर उभी असलेली थर लावते. हौदा मांडीइतका उंच, वीस किलोचं कॅरेट कमरेवरून सरळ आत सरकतं. नवीन गाडीचा फक्त मागचा फाळका उघडतो. बाजूच्या भिंती पत्र्याच्या, पक्क्या, माझ्या छातीपर्यंत येणाऱ्या. मागचा फाळका उघडला तरी हौद्याचा तळ कमरेच्या वर, आणि फाळका आडवा पसरल्यामुळे हौद्यापर्यंत पोचायला आणखी दीड-दोन फूट वाकावं लागतं. म्हणजे वीस किलोचं ओझं कमरेच्या वर उचलायचं आणि हात लांब करून पुढे ढकलायचं. एका वेळी एकीनंच. बाकीच्या कॅरेट डोक्यावर घेऊन रांगेत उभ्या. आमच्याकडे वीस वर्षांपासून येणाऱ्या एक मावशी आहेत, त्यांनी चौथं कॅरेट ठेवलं आणि पाठीला हात लावून म्हणाल्या, “काकू, हाई गाडी कसाले लई उनात? आठे हात बी पोचत नई.” (ही गाडी कशाला आणली? इथे हातसुद्धा पोचत नाही.)

त्यांना काय सांगणार? त्या दिवशी दुपारनंतर मी घरून जुनी गाडी आणली.

मालवाहू गाडी बनवताना ती कोण भरणार याचा विचार पहिल्यांदा व्हायला हवा, असं माझं ठाम मत आहे. आमच्या भागात कापणी पुरुष करतात, पण कॅरेट भरणं, धुणं, उचलणं यात बायाच जास्त असतात. त्यांच्या उंचीला, त्यांच्या खांद्याला ही गाडी बनलेली नाही.

आता वाटेचं. आमच्या गाडवाटेच्या एका अंगाला पाण्याची चारी, दुसऱ्या अंगाला बागेचा बांध. विहिरीजवळ काटकोनात वळण आहे. जुनी गाडी एका दमात वळते. मोठीला तीनदा पुढे-मागे करावं लागतं, आणि मागे घेताना कोणीतरी खाली उतरून चारीकडे बघत उभं राहावं लागतं. नुसतं अंगच सहा फुटांच्या वर रुंद, आरसे धरले तर आणखी. बागेत मधल्या वाटेनं नेली तर दोन्हीकडची पानं आरशांत अडकून फाटतात, आणि कडेचा घड खाली झुकलेला असेल तर त्यावर ओरखडा उठतो. केळीच्या सालीवरचा ओरखडा आज दिसत नाही. दोन दिवसांनी काळा पडतो आणि मग भाव पाडायला कारण होतो. एकदा पुतण्यानं वळवताना ठिबकच्या दोन नळ्या चाकाखाली घेतल्या. दोन टनांखाली नळीचं काय होणार? सांधे जोडण्यात माझी सकाळ गेली.

डिझेलची नोंद मी वहीत ठेवते. शेत, घर, चोपडा, अधूनमधून जळगाव असं धरून दिवसाला सरासरी चाळीस किलोमीटर. जुनी गाडी लिटरला सोळा देते. मोठी आमच्या अशा चालण्यात दहा. म्हणजे दिवसाला दीड लिटर जास्त. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर आठ महिन्यांत ३०० लिटर होतात. डिझेल नव्वदीच्या पुढे आहे, तेव्हा सत्तावीस हजार रुपये नुसते गाडीचं स्वतःचं वजन ओढण्यात गेले. यात जास्तीच्या खेपा धरलेल्या नाहीत. इतक्या पैशांत माझ्या कितीतरी गोण्या खत आलं असतं.

बाभळीच्या काट्यानं एकदा चाक बसलं. आमच्या गावातला पंक्चरवाला भाऊ हुशार आहे, ट्रॅक्टरपासून मोटरसायकलपर्यंत सगळं काढतो. पण काटा टायरच्या बगलेत शिरला होता, टायर बदलायचाच होता, आणि अठरा इंची चाकाचा टायर चोपड्यातही मिळाला नाही. दोन दिवस गाडी उभी, मग जळगावहून आणला. जुन्या गाडीचा टायर बाजाराच्या दिवशी भाजीसारखा मिळतो.

एवढं सगळं असूनही मी हे लिहायला बसले नसते. बसले ते जेठातल्या एका सकाळमुळे. पुतण्या गाडी काढत होता. पुतणीची पावणेचार वर्षांची मुलगी सुट्टीला आलेली. ती गाडीसमोर चिंचोके वेचायला खाली बसलेली होती. मी ओट्यावरून बघितलं आणि ओरडले. इंजिन सुरू होतं, गियर पडलेला होता. पुतण्यानं ब्रेक दाबला, उतरून पुढे आला आणि तिला बघून मटकन खालीच बसला. पोरगा गाडी जपून चालवतो, मोबाइल हातात नव्हता. त्याला ती दिसलीच नव्हती. दिसणं शक्यच नव्हतं.

संध्याकाळी आम्ही दोघांनी पडताळून बघितलं. दोन कॅरेट एकावर एक ठेवली, म्हणजे बसलेल्या लेकराएवढी उंची होते. मी सीटवर बसले, तो कॅरेट पुढे सरकवत गेला. गाडीच्या नाकापासून आठ फुटांवर गेली तेव्हा मला वरच्या कॅरेटची कड दिसली. त्याच्या अलीकडे काहीच नाही, नुसतं बॉनेट. मग जुन्या गाडीत बसून तेच केलं. तिथे हात-दीड हातावर कॅरेट दिसलं, कारण त्या गाडीत चालवणारा जवळजवळ नाकावरच बसलेला असतो. मोठीच्या बॉनेटची पुढची धार जमिनीपासून ४२ इंच भरली. अमेरिकेत विमा कंपन्यांच्या पैशांवर चालणारी एक रस्ता सुरक्षा संस्था आहे, आयआयएचएस. तिनं २०२३ साली अपघातांचा अभ्यास मांडला. पुढची धार ४० इंचांपेक्षा उंच असलेल्या गाड्या पायी चालणाऱ्याला धडकल्या तर तो दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या गाड्यांपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. कारण सरळ आहे. बुटकी गाडी पायांवर आदळते, उंच गाडी छातीवर आणि डोक्यावर.

हा अभ्यास मला भाच्यानं दाखवला. तो टेक्सासात असतो. आमची गाडी बघून हसला आणि म्हणाला, “मामी, इथल्या मानानं ही लहानच आहे.” त्यानं शेजाऱ्याच्या गाडीचा फोटो पाठवला, हौद्यात किराण्याची एक पिशवी. फोर्डची एफ-१५० तिथे पिढ्यान्‌पिढ्या चालते. तिच्या पहिल्या पिढीत लांबीचा ६४ टक्के हिस्सा हौद्याचा आणि ३६ टक्के केबिनचा होता. २०२१पर्यंत ते पार उलटं झालं, केबिन ६३ आणि हौदा ३७. मी टेपनं आमच्या अंगणात जे मोजलं तेच तिकडे चाळीस-पन्नास वर्षांत हळूहळू घडलेलं आहे.

भाच्याशी बोलल्यावर कळलं की यात नुसती लोकांची हौस नाही, सरकारी नियमांचाही हात आहे. तिथे गाडीनं किती मायलेज द्यावं याचं लक्ष्य चार चाकांच्या मधल्या क्षेत्रफळावर ठरतं. गाडी जितकी लांब-रुंद, तितकं लक्ष्य सोपं. शिवाय ट्रक म्हटलं की मोटारीपेक्षा सवलत. मग कंपनी लहान गाडी कशाला बनवेल? आणि बाहेरच्या बहुतेक देशांतून लहान पिकअप आणायची तर १९६४पासून त्यावर २५ टक्के आयातकर आहे. तो मुळात युरोपशी कोंबडीच्या मांसावरून झालेल्या भांडणातून बसला. भांडण केव्हाच विसरलं गेलं, कर राहिला.

जपाननं नेमका उलटा नियम केला. तिथे केई ट्रक नावाचा वर्ग आहे, लांबी ३.४ मीटरच्या आत, रुंदी १.४८ मीटरच्या आत, इंजिन ६६० सीसीच्या आत. एवढ्याशा अंगात हौदा साडेसहा फुटांच्या आसपास, आणि तिन्ही फाळके पडतात. भाताच्या खाचरांमधल्या अरुंद वाटांवर तिथले म्हातारे शेतकरी तीच चालवतात. म्हणजे आमच्या साडेसतरा फुटीपेक्षा अकरा फुटी गाडीचा हौदा दीड फुटानं मोठा. हे वाचलं तेव्हा मला खरंच राग आला.

मोठीचे गुण सांगितले नाहीत तर अन्याय होईल. आषाढात सासूबाईंच्या छातीत दुखायला लागलं. रात्रीचा दीड वाजलेला, धो धो पाऊस. त्यांना मागच्या सीटवर आडवं केलं आणि तापीचा पूल ओलांडून जळगाव गाठलं. अंगाला एक हिसका बसला नाही. छोट्या गाडीत हे जमलं नसतं, तिथे आडवं करायला जागाच नाही. काळ्या मातीच्या चिखलात फोर बाय फोर खरोखर काम करते, एकदा तर तिनं दिरांच्या मित्राचा रुतलेला ट्रॅक्टर ओढून काढला. पुढे एअरबॅग आहेत, ब्रेक चांगले आहेत. लहान मालवाहू गाड्यांत समोरून धडक बसली तर चालवणाऱ्याच्या गुडघ्यापुढे फारसं काही नसतं, ही भीती चौदा वर्षं माझ्याबरोबर आहे.

पण हे गुण एखाद्या चांगल्या मोटारीतही मिळतात, आणि तीस लाखांत मोटार आणि मालाची गाडी दोन्ही येऊन पैसे उरतात. मला हवी ती गाडी अवघड नाही. चार मीटरच्या आत अंग, सात फुटी हौदा, मांडीइतकी उंची, तीन फाळके, दोन एअरबॅग, चिखलात चारही चाकांना जोर. कोणी बनवली तर मी पहिली नोंदवेन.

तोवर आमच्यात ठरलं आहे. मोठी गाडी ओट्यासमोर उभी राहत नाही, रस्त्याकडेच्या शेडमध्ये राहते, आणि काढण्याआधी एक जण पुढे उभा राहून बघतो. बागेत ती जात नाही. जुनीचं इंजिन मी चोपड्यात खोलून घेतलं, पाटे बदलले, अजून पाच-सात वर्षं जाईल.

शेजारच्या गावचे एक काका अशीच मोठी गाडी नोंदवायला निघालेत. त्यांना मी घेऊ नका म्हटलं नाही. चार रिकामी कॅरेट आणि टेप दिला आहे. शोरूममध्ये हौद्यात मांडून बघा म्हटलं, आणि काकूंना बरोबर न्या, फाळका त्यांना उघडू द्या, एक भरलेलं कॅरेट त्यांना ठेवून बघू द्या. कॅरेट बुधवारपर्यंत परत पाठवा म्हणून सांगितलं आहे, गुरुवारी आमची कापणी आहे.