सिंगापुरात जेवायचं तर टेक्का सेंटर

जळगावहून सिंगापूरला निघालात तर बॅगेत शेव-चटणी कोंबू नका. लिटल इंडिया स्टेशनबाहेर आलं की टेक्का सेंटर: एकीकडे मासळी-मटणाचा बाजार, दुसरीकडे खाण्याचे गाळे. मटण बिर्याणीच घ्या. सोबतचा रस्सा आपल्या काळ्या मसाल्यापुढे मवाळ, पण मटण असं शिजलेलं की बोट लावताच हाडावरून सुटतं. टेबलावर टिश्यूचं पाकीट दिसलं तर बसू नका, ती जागा कुणीतरी धरलेली असते! उष्टं ताट स्वतःच उचलायचं, तिथं तो कायदाच आहे. शाकाहारी मंडळींनी सेरंगून रोडवर १९४७ पासूनचं कोमला विलास गाठावं; डोसा झकास. नदीकाठच्या झगमगाटी हॉटेलांना मात्र लांबूनच रामराम. एका ठिकाणी साध्या पाण्याचेही पैसे लावले भो!