आठ महिने एकाच बारमध्ये: शेंगदाण्यांची वाटी आणि बिलातली शेवटची ओळ

हे लिहायचं बरेच दिवस मनात होतं पण परवा शनिवारी बिलावरून जे झालं त्यानंतर म्हटलं आता लिहायचंच. पुण्यात डेक्कनवरून कर्वे रोडला लागलं की मागच्या गल्लीत जिना चढून जी परमिट रूम आहे ती. नाव लिहीत नाही, इकडे राहणाऱ्या पोरापोरींना बरोबर कळेल. आम्ही चौघं, दोन मुली दोन मुलं, सगळे एमएस्सीवाले. पहिल्यांदा गेलो तो दिवस 14 जुलै 2025, आणि शटर खाली, कारण त्याच दिवशी टॅक्सवाढीच्या विरोधात राज्यभर बारवाल्यांचा बंद होता. पुढच्या आठवड्यात परत गेलो आणि मग जातच राहिलो, महिन्यातून दोनदा तरी, घरून पैसे आले की एकदा आणि कुणाचं सबमिशन झालं की एकदा.

का जातो तर एका बाटलीवर दोन तास बसलं तरी कुणी उठवत नाही. मुली म्हणून सांगते, आजूबाजूच्या टेबलांवरून त्रास नाही, वेटर काका आम्हाला आत कोपऱ्यात बसवतात आणि पाठीमागच्या टेबलावर कोण बसवायचं तेही बघतात. बाथरूमला आतून नीट कडी आहे, ही साधी गोष्ट किती ठिकाणी नसते ते जाणाऱ्या मुलींना विचारा. आयडी बघतात, आणि खरंच जन्मतारीख वाचतात. 2024 च्या मे महिन्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन जीव गेले तेव्हापासून हे कडक झालंय असं काका म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. बिअरला 21 आणि हार्डला 25 पूर्ण लागतात, आमच्यातला एक 23 चा आहे त्याने ओल्ड मंक मागितली तर तोंडावर नाही म्हणाले, मला ते आवडलं.

पण मी तिथे जायचे ते खरं तर चकण्यासाठी. उकडलेले शेंगदाणे, स्टीलच्या वाटीत, गरम, वर बारीक चिरलेला कांदा टोमॅटो, कोथिंबीर, लिंबू पिळलेलं आणि तळाला थोडं मिठाचं पाणी राहिलेलं, ते शेवटी चमच्याने प्यायचं. फुकट. संपले की न मागता दुसरी वाटी. 280 च्या बाटलीबरोबर दोन वाट्या खाल्ल्या की रात्रीचं मेसचं ताट वाचायचं, आणि महिन्याच्या शेवटी ते वाचणं मला फार लागतं. दिवाळीनंतर गेलो तर वाटीत त्या पिवळ्या नळ्या आल्या, तेलकट आणि मऊ पडलेल्या. शेंगदाणे विचारले तर म्हणे आता मेन्यूत आहेत, 40 रुपये. कारण विचारलं तर काउंटरवरचे शेट म्हणाले सरकारने टॅक्स वाढवला. अहो पण जून 2025 मध्ये एक्साइज वाढली ती व्हिस्की रम वगैरेवर, बिअर आणि वाइन त्यातून वगळलीय. परमिट रूममधला व्हॅट 5 चा 10 टक्के झाला तो 2023 च्या नोव्हेंबरमध्ये, आणि तो आम्ही बिलात वेगळा भरतोच की. मग बिअर पिणाऱ्याच्या वाटीतले शेंगदाणे कशासाठी काढले? मला याचं खरंच वाईट वाटलं, तीन महिने दर वेळी तेच बोलत होते, मित्र वैतागले.

आता शनिवारचं. चार बिअर 1120, खाणं 530, बिअरवर व्हॅट 112, खाण्यावर जीएसटी साडेसव्वीस, इथपर्यंत ठीक. खाली अजून एक ओळ, सर्व्हिस चार्ज 10 टक्के, 165 रुपये. आधी कधीच नव्हता. मेसची दोन ताटं होतात त्यात. मी काउंटरवर जाऊन सांगितलं की ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्येच सांगितलंय, हा आपोआप बिलात लावता येत नाही, आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच धरून ठेवलं. शेट म्हणाले ते दिल्लीत, इथे द्यावाच लागेल. वीस मिनिटं उभी होते, 1915 ही ग्राहक हेल्पलाइन त्यांच्यासमोर लावली तेव्हा पेनाने ओळ खोडून दिली, तीही असा चेहरा करून की जणू मी भीक मागतेय. घरी येताना ठरवलं, परत पाय ठेवणार नाही, एक स्टार.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मध्ये दहा दिवस गेले. काल मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिच्या हट्टामुळे परत गेलो. बिलात ती ओळ नव्हती, शेजारच्या टेबलाचं बिलही बघितलं, त्यातही नव्हती. निघताना काका जिन्यापर्यंत आले आणि म्हणाले, ताई बरं केलंत, तो चार्ज लागला की लोक टिप ठेवत नाहीत आणि आम्हाला त्यातलं काही येत नाही. मला हे डोक्यातच आलं नव्हतं. मी सगळा वेळ माझे 165 मोजत होते आणि यांची रोजची शंभर दीडशे जात होती. चौघांनी मिळून 100 रुपये त्यांच्या हातात दिले, बिलाच्या फोल्डरमध्ये नाही, हातात.

तर एक स्टार काढून तीन करतेय. जाणार असाल तर आठच्या आत जा, ओरिजिनल आयडी न्या, बिल वाचून मगच पैसे द्या आणि टिप काकांच्या हातात द्या. शेंगदाणे अजून 40 रुपयेच आहेत. परत फुकट केले की बाकीचे दोन स्टार देईन.