डीव्हीडीवर नेमक्या मिनिटाला पोहोचणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

बाबांना गेल्या काही वर्षांत ऐकायला कमी येऊ लागलं आहे. घरात जुनी व्याख्यानं आणि घरगुती चित्रीकरण मिळून चाळीसेक डीव्हीडी आहेत. त्या सगळ्यांना सबटायटल करून द्यायचे, असं मी आठ महिन्यांपूर्वी ठरवलं. डिस्क कॉम्प्युटरला लावायची, वाक्य ऐकायचं, वेळ टिपायची, पुढे जायचं, एवढंच काम डोळ्यांसमोर होतं.

पहिल्याच आठवड्यात अडलं. रात्री 48 मिनिटं 10 सेकंदांवर टिपलेलं वाक्य दुसऱ्या दिवशी त्या जागी सापडेना. खालच्या पट्टीवर एक तास दाखवणाऱ्या जागी क्लिक केलं, तर चित्र भलतीकडेच पोहोचायचं. पट्टीवरचा आकडा मात्र ठामपणे 1:00:00 म्हणायचा. सबटायटलमध्ये अर्ध्या सेकंदाची चूकही डोळ्यांना खुपते, इथे तर मिनिटांचा फरक पडत होता.

सगळ्यात आधी मी ड्राइव्हला दोष दिला. यूएसबीवर चालणारा बाहेरचा ड्राइव्ह, थोडा वेळ डिस्क वाचली नाही की फिरायचा थांबतो आणि पुढची उडी मारताना पुन्हा वेग घ्यायला काही सेकंद लावतो. त्यामुळे चुकत असेल, असं वाटलं. म्हणून एका डिस्कची पूर्ण आयएसओ प्रत (अख्खी डिस्क एकाच फाइलमध्ये) हार्ड डिस्कवर काढली आणि तीच त्याच प्लेअरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या व्हिडिओ दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, उघडली. उडी मारल्यावरचं थांबणं गेलं, चूक मात्र जशीच्या तशी राहिली. ड्राइव्ह निर्दोष ठरला.

तुमच्याकडेही असं होत असेल तर आधी हीच चाचणी करा. चित्रात सहज ओळखू येणारी एक खूण निवडा, म्हणजे टाळी, दार बंद होणं किंवा दृश्य बदलणं. त्या वेळेवर दहा वेळा उडी मारा आणि दर वेळी कुठे पोहोचता ते लिहून ठेवा. दहाही वेळा एकाच चुकीच्या जागी पोहोचलात तर गडबड वेळेच्या हिशोबात आहे. दर वेळी वेगळीकडे पोहोचलात, चित्र अडखळलं, चौकोन दिसले, तर डिस्क किंवा ड्राइव्ह वाचायला कमी पडतो आहे. माझ्या चाळीसपैकी तीनच डिस्क दुसऱ्या प्रकारच्या निघाल्या.

वेळेचा हिशोब चुकतो कसा, हे समजून घ्यायला मला महिनाभर लागला. पण ते एकदा कळल्यावर पुढची सगळी कामं सोपी झाली, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

डीव्हीडीवरचं चित्रीकरण व्हिडिओ_टीएस नावाच्या फोल्डरमध्ये व्हीओबी फाइलींत असतं. एक फाइल जास्तीत जास्त एक गिगाबाइटची, त्यामुळे दोन तासांचं व्याख्यान चार-पाच तुकड्यांत मोडतं आणि तुकडा वाक्याच्या मधेही पडू शकतो. शेजारी आयएफओ फाइली असतात. कुठला भाग कोणत्या क्रमाने वाजवायचा, किती लांबीचा आहे, प्रकरणं कुठे सुरू होतात, ही माहिती त्यांत असते. बीयूपी म्हणजे त्यांचीच राखीव प्रत. चित्र एमपेग-2 या व्हिडिओ दाबून साठवण्याच्या पद्धतीत, अर्ध्या ते एक सेकंदाच्या छोट्या गठ्ठ्यांत बांधलेलं असतं. प्रत्येक गठ्ठ्याच्या सुरुवातीला वाटाड्यासारखा एक छोटा भाग असतो. आपण चालू खंडात, म्हणजे अशा अनेक गठ्ठ्यांच्या एका सलग भागात, किती वेळ पुढे आलो हे त्यात लिहिलेलं असतं, शिवाय मागच्या-पुढच्या गठ्ठ्यांचे पत्तेही असतात, अर्ध्या सेकंदापासून थेट दोन मिनिटांपर्यंतच्या अंतराचे.

इथली मेख अशी की हे घड्याळ त्या खंडापुरतं असतं. नव्या खंडात ते पुन्हा शून्यापासून चालू होतं. चित्र आणि आवाज यांची सांगड घालणारे वेळेचे शिक्केही कार्यक्रमाच्या मधेच नव्याने सुरू होऊ शकतात. अख्ख्या कार्यक्रमाचं एकच सलग घड्याळ हवं असेल तर प्लेअरने खंडांच्या लांब्यांची बेरीज करायची. तासाभराने कुठला सेक्टर (डिस्कवरचा डेटाचा छोटासा कप्पा) येतो हे शोधण्यासाठी आयएफओमध्ये वेळेचा एक तक्ता असतो. ठरावीक सेकंदांच्या अंतराने 'या वेळेला हा सेक्टर' अशा नोंदी त्यात असतात. प्लेअरने तो तक्ता वाचला तर चूक काही सेकंदांच्या आतच राहते.

तक्ता नसला, सदोष असला किंवा प्लेअरने वाचलाच नाही, तर प्लेअर अंदाज बांधतो. अर्धा वेळ म्हणजे अर्धी फाइल, असा तो साधा हिशोब असतो. आणि डीव्हीडीवर हा हिशोब चालत नाही, कारण प्रत्येक मिनिट सारखी जागा घेत नाही. समजा, दोन तासांचं व्याख्यान आहे. पहिला तास वक्ता एका जागी उभा, कॅमेरा स्थिर, मागे भिंत. त्याला एकूण जागेची एक तृतीयांश जागा पुरते. दुसऱ्या तासात कॅमेरा प्रेक्षकांवर फिरतो, माणसं उठतात-बसतात, आणि उरलेली दोन तृतीयांश जागा तिकडे जाते. आता साठाव्या मिनिटाला जायला सांगितलं की प्लेअर डेटाच्या मध्यावर पोहोचतो, आणि तिथे प्रत्यक्षात पंचाहत्तरावं मिनिट चालू असतं. थेट पंधरा मिनिटांची चूक! माझ्या वहीतल्या विस्कटलेल्या नोंदींचं कोडं या एका गणिताने सुटलं. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, बहुतेक एकसारखा ठेवून बनवलेल्या घरगुती डिस्कवर हीच चूक किरकोळ का होती, तेही कळलं.

व्हीओबी फाइल सुटी उघडणं हा सगळ्यात वाईट रस्ता. मी सुरुवातीला तेच करत होतो, कारण मेनू टाळायचा होता. आयएफओ बाजूला राहिला की प्लेअरच्या हातात फक्त आतले वेळेचे शिक्के उरतात. काही प्लेअर पहिला आणि शेवटचा शिक्का पाहून एकूण लांबी ठरवतात. मधे घड्याळ पुन्हा सुरू झालेलं असेल तर वीस-पंचवीस मिनिटांची फाइल तीन-चार मिनिटांची दिसते, आणि पट्टीवर कुठेही क्लिक केलं तरी अर्थ लागत नाही. त्यामुळे सुटी फाइल न उघडता नेहमी अख्खी डिस्क, अख्खं फोल्डर किंवा आयएसओ उघडावं.

व्हीएलसी या प्लेअरमध्ये कंट्रोल आणि टी दाबलं की वेळ टाइप करून उडी मारता येते. पट्टीवर माउसने नेम धरण्यापेक्षा ते कितीतरी बरं. तरी मला जास्त उपयोग झाला तो छोट्या उड्यांचा. शिफ्ट दाबून बाण दाबला की तीन सेकंद, ऑल्ट दाबून दहा सेकंद, कंट्रोल दाबून एक मिनिट. आधी जवळच्या प्रकरणावर जायचं, कारण प्रकरणाची सुरुवात आयएफओमध्ये खंडाच्या नावाने नोंदलेली असते आणि तिथे अंदाजाला जागाच नसते. मग तिथून बाणांनी पुढे. रेकॉर्डरवर बनवलेल्या माझ्या डिस्कवर दर पाच मिनिटांनी प्रकरण आहे, त्यामुळे दीड-दोन महिने याच पद्धतीने काम निभावलं. त्या काळात वहीत '48:10' असं न लिहिता 'प्रकरण 10, पुढे 3:10' असं लिहायला लागलो आणि नोंदी हरवणं थांबलं.

काही डिस्कवर वेळ टाकून उडी मारायला डिस्क बनवणाऱ्यानेच मनाई केलेली असते. तशी सोय डीव्हीडीच्या रचनेतच आहे. काही प्लेअर ती मनाई पाळतात, काही पाळत नाहीत. उडी चुकते आहे की मुळीच होत नाही, हे आधी नीट पाहावं.

सेकंदाच्या आतली चूक हा प्रकार निराळा. एमपेग-2 मध्ये प्रत्येक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पूर्ण साठवलेली नसते. अधूनमधून एक पूर्ण फ्रेम असते आणि बाकीच्या तिच्या तुलनेत काय बदललं एवढंच सांगतात. उडी मारताना घाई करणारा प्लेअर जवळच्या पूर्ण फ्रेमवर थांबतो, म्हणून अर्धाएक सेकंद इकडे-तिकडे होतं. नेमकेपणा हवा असेल तर त्या फ्रेमपासून पुढचं सगळं उलगडत इच्छित क्षणापर्यंत यावं लागतं. एमपीव्ही या प्लेअरमध्ये त्यासाठी एचआर-सीक नावाचा पर्याय आहे. व्हीएलसीच्या सेटिंगमध्ये जलद उडीचा पर्याय आहे, तो बंद ठेवावा. पण आयएफओमधला वेळेचा तक्ताच चुकीचा असेल तर हे पर्याय काही करू शकत नाहीत. चुकीच्या पत्त्यावर अचूक पोहोचून काय उपयोग?

तिसऱ्या महिन्यात मी रस्ता बदलला. मेकएमकेव्ही हे सॉफ्टवेअर वापरून प्रत्येक डिस्कचा कार्यक्रम एमकेव्ही फाइलमध्ये काढून घेतला. चित्र पुन्हा दाबलं जात नाही, जसं आहे तसं नव्या डब्यात ठेवलं जातं, त्यामुळे दर्जा तोच राहतो. खंडांची घड्याळं जोडून एक सलग घड्याळ तयार होतं आणि फाइलमध्ये कुठली वेळ कुठे आहे याची सूची लिहिली जाते. एका डिस्कला माझ्या ड्राइव्हवर पंधरा-वीस मिनिटं लागतात. त्यानंतर 48:10 म्हणजे दर वेळी 48:10, कुठल्याही प्लेअरमध्ये! पहिल्या फाइलवर हे होताना पाहिलं तेव्हा मी एकाच जागी पंधरा-वीस उड्या मारून खात्री करून घेतली. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. दोन मिनिटांहून छोटे कार्यक्रम हे सॉफ्टवेअर मूळ सेटिंगमध्ये दाखवत नाही. माझ्या घरगुती डिस्कवरच्या दोन छोट्या चित्रफिती त्यामुळे सुटल्या होत्या. किमान लांबीचा आकडा कमी केल्यावर त्या मिळाल्या. स्वतःच्या डिस्कची प्रत काढण्याबद्दलचे नियम जागोजागी वेगळे आहेत, तेही पाहून घ्यावं.

इथवर आल्यावर काम संपलं असं वाटलं, आणि तेव्हाच सगळ्यात फसवी चूक समोर आली. आधीच्या दोन महिन्यांत टीव्हीच्या डीव्हीडी प्लेअरवरचा आकडा पाहून मी काही डिस्कच्या वेळा लिहिल्या होत्या. त्या एमकेव्हीला लावल्या. सुरुवातीला अगदी बरोबर, मग सबटायटल हळूहळू बोलण्याच्या आधी येऊ लागले. तासाभराने साडेतीन सेकंद, शेवटी सात सेकंद. काही डिस्कवर हे व्हायचं, काहींवर अजिबात नाही.

कारण फ्रेमच्या मोजणीत आहे. टीव्हीच्या चित्राच्या पाल आणि एनटीएससी अशा दोन पद्धती डिस्कवर भेटतात. पाल पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला 25 फ्रेम असतात आणि मोजणीही 25 ने होते, तिथे प्रश्न नाही. एनटीएससी डिस्कवर प्रत्यक्ष 29.97 फ्रेम जातात, पण डिस्कवरचं घड्याळ 30 फ्रेमचा एक सेकंद धरतं. म्हणून डिस्कच्या आकड्यात एक तास झाला की खरे 3603.6 सेकंद गेलेले असतात. दोन तासांत 7.2 सेकंद. माझ्या शेवटच्या सात सेकंदांचा हिशोब तंतोतंत जुळला. कुठली डिस्क कोणत्या पद्धतीची, हे मीडियाइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये व्हीओबी उघडून पाहिलं की दिसतं, किंवा चित्राच्या उंचीवरून ओळखता येतं. पाल असेल तर 576 ओळी, एनटीएससी असेल तर 480. जुन्या सगळ्या वेळा 1.001 ने गुणल्या की जुळतात. सबटायटल एडिट या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम रेट बदलायची सोय आहे, तिथे ते एका फटक्यात होतं. म्हणून आता मी प्रत्येक सबटायटल फाइलच्या नावातच 'डिस्क-घड्याळ' किंवा 'फाइल-घड्याळ' असं लिहितो.

राहिल्या त्या ओरखडे पडलेल्या तीन डिस्क. मऊ कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसल्यावर एक पूर्ण वाचली गेली. उरलेल्या दोघींसाठी डीडीरेस्क्यू वापरलं. ते आधी चांगले भाग वाचून घेतं, मग बिघडलेल्या जागांवर पुन्हापुन्हा प्रयत्न करतं आणि काय राहिलं त्याची नोंद ठेवतं. एक रात्रभरात जवळजवळ पूर्ण मिळाली. दुसरीतला मधला काही भाग वाचताच आला नाही. तिथे प्लेअर न वाचता आलेले गठ्ठे गाळून पुढे जातो आणि आकडा मधेच सरकतो. त्या डिस्कचे सबटायटल मी दोन फाइलींत केले आहेत, एक बिघाडाच्या आधीची, एक नंतरची, आणि दुसरीच्या वेळा कानाने ऐकून बसवल्या.

आजवर एकतीस डिस्क झाल्या. गेल्या आठवड्यात बाबांनी त्यांच्या आवडीचं एक व्याख्यान पूर्ण पाहिलं, मधे दोनदा मागे नेऊन एक वाक्य पुन्हा वाचलं. दोन्ही वेळा वाक्य जागेवर होतं.