सात महिने जर्मन इतिहासपट बघितल्यावर

सबटायटल वाचत पिक्चर बघणं आपल्याला जमणार नाही असं वाटायचं, पण दिवाळीपासून जवळजवळ दर शनिवारी रात्री एक असं करत खऱ्या माणसांवरचे वीसेक जर्मन-ऑस्ट्रियन पिक्चर बघून झालेत, म्हणून आता लिहितेय.

सुरुवात 'डाउनफॉल'पासून (2004). बंकरमधला हिटलर म्हणून ब्रुनो गांझ जबरदस्तच, पण मी हलले ती अगदी शेवटी, जेव्हा हिटलरची खरी सेक्रेटरी ट्राउडल युंगे म्हातारपणी कॅमेऱ्यासमोर बोलते की हिटलरविरोधी पत्रकं वाटली म्हणून मारल्या गेलेल्या सोफी शोलची स्मृतिपाटी बघितली, ती आपल्याच वयाची होती हे कळलं, तेव्हा समजलं की लहान होते म्हणून माहीत नव्हतं ही सबब चालत नाही. लगेच पुढच्या शनिवारी 'सोफी शोल' (2005) लावला.

आणि तो आतापर्यंत तीनदा बघितलाय. म्युनिक युनिव्हर्सिटीत पत्रकं वाटताना 18 फेब्रुवारी 1943 ला सोफी आणि तिचा भाऊ हान्स पकडले जातात, 22 ला निकाल आणि त्याच दिवशी गिलोटिन. वय 21. गेस्टापोच्या, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांच्या, चौकशीचे कागद पूर्व जर्मनीत पडून होते, ते पुढे हाती आले आणि त्यावरूनच हे सीन लिहिलेत, म्हणून अर्ध्याहून जास्त पिक्चर म्हणजे एक टेबल आणि दोन माणसं. सुटकेस रिकामी का, असं चौकशी करणारा अधिकारी मोर विचारतो, तर ती शांतपणे सांगते की उल्मला घरी जाऊन धुतलेले कपडे आणायचे होते. तो जवळजवळ सोडूनच देणार असतो! आई शेजारी बसून म्हणाली, "अगं ही घाबरत कशी नाही?" इंग्रजी सबटायटलमध्ये एक गोष्ट मात्र मरते, मोर तिला आदरार्थी 'झी' म्हणतो, म्हणजे आपलं 'तुम्ही'. एकवीस वर्षांच्या मुलीला 'तुम्ही' म्हणत म्हणत तो तिला मरणाकडे नेतोय हे कान देऊन ऐकलं की अंगावर येतं. त्यामुळे डब केलेलं बघू नका, प्लीज.

'द पीपल व्हर्सेस फ्रित्झ बाउअर' पण (2015) बघाच. बाउअर जर्मनीतल्या हेसे राज्याचा सरकारी वकील, स्वतः ज्यू, ज्यूंच्या हत्याकांडातला एक मुख्य नाझी अधिकारी आइखमन अर्जेंटिनात आहे हे त्याला कळतं, पण आपल्याच देशाच्या यंत्रणेत जुने नाझी बसलेत म्हणून तो माहिती गुपचूप इस्रायलला देतो, जो सरळ देशद्रोह ठरू शकला असता. 'लॅबिरिंथ ऑफ लाइज' बाउअरनेच उभ्या केलेल्या फ्रँकफर्टच्या खटल्यावर, आउशवित्झ छळछावणीतल्या नाझींवरच्या, बरा आहे, पण त्यातला तरुण वकील काल्पनिक आहे हे मला नंतर वाचून कळलं आणि वाईट वाटलं. सत्यकथा म्हटलं की आधी तपासा. 'द काउंटरफायटर्स' (2007) छान, खोट्या नोटा छापणाऱ्या कैद्यांचा.

त्रास एवढाच की मी ज्या ॲपवर बघते तिथून पिक्चर न सांगता गायब होतात, दोनदा अर्ध्यावर राहिलेत.

नव्याने बघणाऱ्यांनी 'सोफी शोल' आधी बघा, 'डाउनफॉल' नंतर, म्हणजे युंगेचं ते बोलणं नीट लागेल.

या शनिवारी '13 मिनिट्स', 'डाउनफॉल'वाल्याच दिग्दर्शकाचा. गेऑर्ग एल्सर नावाच्या सुताराने हिटलर भाषण करणार होता त्या हॉलचा खांब किती रात्री एकट्याने पोखरून 1939 मध्ये बॉम्ब ठेवला आणि हिटलर 13 मिनिटं आधी निघून गेला. आईने आत्ताच सांगून ठेवलंय, माझ्याशिवाय लावू नकोस.