कागदावरचे कोटी आणि उधारीतले लाख: ऐरोलीची नोकरी की रबाळ्याचा गाळा?

ट्रान्सहार्बर मार्गावर ऐरोलीनंतरचे स्थानक रबाळे. मी अकरा वर्षे ऐरोलीला उतरून सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी केली आणि २०२१ पासून रबाळे एमआयडीसीतील एका गाळ्यात मेहुण्याबरोबर भागीदारीत विद्युत पॅनेलची पत्र्याची कपाटे बनवतो. घोडबंदर रस्त्यावरील आमच्या सोसायटीतील तिशी-पस्तिशीची मंडळी त्यामुळे मला एकच प्रश्न वारंवार विचारतात: हप्त्याचा विचार न करता जर्मन गाडी, दहा लाखांचे घड्याळ किंवा पाम बीच रस्त्यावरचे घर घेता यावे इतका पैसा करायचा असेल, तर शेअर देणाऱ्या कंपनीत टिकून राहावे की स्वतःचा धंदा काढावा? दोन्ही बाजूंचा अनुभव असल्यामुळे उत्तर द्यायचा थोडा अधिकार मला आहे, मात्र तो अनुभव एकट्याचा आहे, हे वाचताना ध्यानात असू द्यावे.

आणखी दोन मार्गांची नावे या चर्चेत हमखास निघतात, त्यांची वासलात आधी लावतो. पहिला वायदे बाजाराचा. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या वैयक्तिक व्यवहारकर्त्यांपैकी ९३ टक्के तोट्यात होते, हे शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीनेच जाहीर केले आहे; त्यानंतर त्यावर शब्द खर्च करण्याची गरज उरत नाही. दुसरा जमिनीचा. नवी मुंबईत साडेबारा टक्के योजनेतील, म्हणजे संपादित जमिनीच्या बदल्यात मूळ मालकांना मिळालेल्या विकसित भूखंडांमुळे काही कुटुंबांकडे मोठी संपत्ती आली हे खरे, परंतु तो मार्ग निवडता येत नाही, त्या गावांत जन्मावे लागते. आणि त्या हक्कामागे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालचे जानेवारी १९८४ चे प्रकल्पग्रस्तांचे आंदोलन व जासई-दास्तान परिसरात गोळीबारात गेलेले पाच जीव आहेत, हे ‘फुकटचा पैसा’ म्हणणारे विसरतात.

आता नोकरीकडे वळू. निव्वळ पगारातून अतिश्रीमंती येत नाही, हे गणित चटकन उरकता येते. वर्षाला दीड कोटी पगार असला, तरी नव्या करप्रणालीत अधिभार व उपकर धरून सुमारे साडेअठ्ठेचाळीस लाख करात जातात. उरलेल्या एक कोटीत ठाण्यात उत्तम राहता येते, पण ती सुखवस्तू माणसाची अवस्था झाली. नोकरदार खऱ्या अर्थाने श्रीमंत होतो तो हातातल्या शेअरमुळे. याचे सर्वांत ठळक उदाहरण लांब शोधायला नको. डी-मार्टचा कारभार आपल्या वागळे इस्टेटमधून चालतो. नेव्हिल नोरोन्हा हिंदुस्थान युनिलिव्हर सोडून २००४ मध्ये तेथे गेले, त्यांच्याकडे कंपनीचे सुमारे दोन टक्के शेअर होते आणि मार्च २०१७ मध्ये २९९ रुपयांना विकलेला शेअर बाजारात नोंदला गेला त्याच दिवशी भाव दुपटीच्या पुढे गेला. देशातील सर्वांत धनाढ्य पगारदार व्यवस्थापकांत त्यांची गणना होऊ लागली. फ्लिपकार्टमधील मोठा हिस्सा २०१८ मध्ये वॉलमार्टने घेतला तेव्हा, आणि २०२१ मध्ये फ्रेशवर्क्स अमेरिकेच्या नॅस्डॅक बाजारात गेली तेव्हाही अनेक कर्मचारी कोट्यधीश झाले. त्याच वर्षी पेटीएमचा २,१५० रुपयांना दिलेला शेअर पहिल्याच दिवशी सत्तावीस टक्के खाली बंद झाला, हे मात्र सोसायटीच्या गप्पांत कुणी फारसे काढत नाही.

माझी कंपनी यांपैकी कुठलीच नव्हती, आणि तिचे नाव घेण्याची गरज नाही, कारण तिने करारात लिहिल्याबाहेर काही केले नाही. अकरा वर्षांत माझ्या नावे १२,००० ईसॉप, म्हणजे ठरलेल्या किमतीला कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, साचले होते. दर सहा महिन्यांनी मोठ्या सभागृहात सर्वांना बोलावून मूल्यांकनाचा आलेख दाखवला जाई, आणि मी मनातल्या मनात १२,००० ने गुणाकार करत जिना उतरत असे. एकदा त्याच धुंदीत मी एका गाडीच्या शोरूममध्ये गेलो. विक्रेत्याने कर्जासाठी उत्पन्नाचे पुरावे मागितले. मी मोठ्या ऐटीत ईसॉपचे पत्र पुढे केले, तेव्हा बँकेच्या तरुण प्रतिनिधीने ते अत्यंत अदबीने परत माझ्या हातात ठेवले आणि म्हणाला, “सर, फक्त सॅलरी स्लिप लागेल.” मला त्याच वेळी कळायला हवे होते.

नोकरी सोडली तेव्हा करारानुसार ९० दिवसांत शेअर घेणे किंवा हक्क सोडणे एवढेच पर्याय होते. शेअर मला दहा रुपयांना मिळणार होता आणि मर्चंट बँकरने त्याचे वाजवी मूल्य ६४० रुपये ठरवले होते. मधले ६३० रुपये आयकर कायद्याच्या दृष्टीने माझा पगारच होता. म्हणजे ज्या वर्षी मी पगार घेणे बंद केले, त्या वर्षी माझ्या पगारात ७५ लाख ६० हजार रुपयांची भर पडली आणि तिच्यावरचा सुमारे २६ लाखांचा कर मला रोख भरावा लागला. नवउद्यमांच्या (स्टार्टअपच्या) कर्मचाऱ्यांना हा कर पुढे ढकलण्याची सवलत २०२० पासून आहे, पण ती केंद्राच्या आंतरमंत्रालयीन मंडळाचे प्रमाणपत्र असलेल्या कंपन्यांपुरतीच. आमच्याकडे ते नव्हते. दोन मुदत ठेवी मोडल्या, पत्नीच्या नावावरचा म्युच्युअल फंड विकला आणि जे शेअर कुणी विकत घेत नव्हते त्यांचा कर भरून टाकला.

एवढ्यावर थांबले असते तरी मी नोकरीच्या बाजूने बोललो असतो. मला खऱ्या अर्थाने जे खटकले ते पुढे घडले. शेअर माझ्या नावावर, कर मी भरलेला, आणि तरीही ते विकायचे तर संचालक मंडळाची संमती लागे, आधी जुन्या गुंतवणूकदारांना विचारावे लागे, आणि कुणाला विचारायचे हेच धड कळत नसे. मनुष्यबळ विभाग वित्त विभागाकडे बोट दाखवी, वित्त विभाग विधी विभागाकडे, आणि विधी विभागाचे उत्तर येई ते ‘योग्य वेळी कळवू’. २०२३ मध्ये एक नवा गुंतवणूकदार आला, त्याने जुन्या कर्मचाऱ्यांकडून प्रत्येकी तीस टक्केच शेअर घेण्याची तयारी दाखवली, आणि तेही ४१० रुपयांनी. ३,६०० शेअरचे १४ लाख ७६ हजार रुपये हातात आले. प्रत्येक शेअरमागे २३० रुपयांचा तोटा झाला खरा, पण तो भांडवली तोटा असल्यामुळे पगारावर भरलेल्या करातून एक रुपयाही परत मिळाला नाही. भविष्यात कधी भांडवली नफा झाला, तर आठ वर्षांच्या आत त्यातून वळता करून घ्यावा, असे सनदी लेखापालांनी सांगितले. पैसे कमी मिळाल्याचे दुःख मी पचवले. स्वतःच्या मालमत्तेसाठी दोन वर्षे अनोळखी ई-मेल पत्त्यांना विनवण्या कराव्या लागल्या, हे मात्र आजही पचत नाही.

रबाळ्याच्या बाजूचे चित्र फार गुलाबी आहे असे कुणी समजू नये. येथे पैसा अडकतो तो उधारीत. मोठा खरेदीदार माल घेताना घाई करतो आणि बिल देताना त्याच्या लेखा विभागाला अचानक लेखापरीक्षण, गणपती, दिवाळी आणि मार्चअखेर हे सगळे एकाच वेळी आठवते. सूक्ष्म व लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, अन्यथा बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्यावे, असे २००६ चा कायदा सांगतो. ते व्याज मागणारा पुरवठादार मला अद्याप भेटलेला नाही, कारण व्याज मागितले की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या खर्चात धरता येत नाही, आणि माझ्यापुरते सांगायचे तर मार्च महिन्यातील फोन त्यानंतर खरोखरच लवकर उचलले जाऊ लागले. अडीचशे कोटींहून अधिक उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्स या बिले वटवण्याच्या ऑनलाइन व्यासपीठावर नोंदणी सक्तीची झाल्यामुळे काही बिले तेथे वटवून लवकर पैसे मिळवता येतात, अर्थात खरेदीदाराने बिल मान्य केले तरच.

याहून जड गोष्ट म्हणजे तारण. लेझर कटिंग यंत्राच्या कर्जासाठी नौपाड्यातील वडिलांचे घर बँकेकडे आहे आणि हमीपत्रावर पत्नीची सही आहे. ऐरोलीच्या नोकरीत माझे जास्तीत जास्त नुकसान झाले ते साचवलेल्या पैशांचे; येथे ते राहत्या छपरापर्यंत पोहोचू शकते. पहिली दोन वर्षे आम्ही दोघांनी मिळून माझ्या जुन्या ४२ लाखांच्या पगाराच्या निम्मेही घरी नेले नाही.

तरीही एक फरक उरतो, आणि माझ्या मते तोच निर्णायक आहे. थकलेल्या बिलासाठी फोन कुणाला करायचा, हे मला ठाऊक असते. तो माणूस तुर्भ्याला कुठल्या इमारतीत बसतो, त्याचा चहा कितीला येतो आणि त्याच्या वरिष्ठाचा स्वभाव कसा आहे, हेही ठाऊक असते. पैसे उशिरा येतात, पण ते मागण्यासाठी मला कुणाची संमती लागत नाही.

कराच्या बाबतीत धंद्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. कंपनीला सुमारे २५.१७ टक्केच कर, म्हणून कंपनी काढावी, असे सर्रास सांगितले जाते. पण तो पैसा कंपनीतच ठेवून यंत्रे घेणार असाल, तरच त्याचा फायदा. गाडी-घड्याळासाठी लाभांश म्हणून काढाल तर २०२० पासून तो तुमच्या हातात पुन्हा करपात्र आहे, आणि वरच्या टप्प्यातील माणसाच्या हाती शंभर रुपयांच्या नफ्यातून अखेर सुमारे ४८ रुपयेच पडतात. तेवढ्याच उत्पन्नाच्या पगारदाराला शंभरातील सुमारे ६४ मिळतात. आम्ही भागीदारी संस्थाच ठेवली त्याचे हेच कारण. संस्थेने कर भरला की भागीदाराच्या वाट्याच्या नफ्यावर पुन्हा कर नाही, आणि अधिभार लागला तरी शंभरातील पासष्ट घरी येतात. मात्र बाहेरचा मोठा गुंतवणूकदार हवा असेल, शंभर कोटींचे स्वप्न असेल, तर कधी ना कधी कंपनी करावीच लागते, आणि मग आपणही त्या आलेखाच्या खेळात शिरतो, फक्त या वेळी आलेख काढणारे आपण असतो.

खरेदीविषयी थोडक्यात. सप्टेंबर २०२५ मध्ये मोठ्या गाड्यांवरील वस्तू व सेवा कर उपकरासह पन्नास टक्क्यांपर्यंत जात होता तो सरसकट चाळीसवर आला, तेव्हा मी वाट पाहत असलेली गाडी घेतली. घसाऱ्याच्या, म्हणजे गाडीची झीज खर्चात दाखवून कर वाचवण्याच्या लोभाने ती कंपनीच्या नावे घ्यावी, हा सल्ला मित्रांकडून ऐकायला मिळतो. परंतु महाराष्ट्रात कंपनीच्या नावे नोंदणी केल्यास मोटार वाहन कर २० टक्के पडतो, स्वतःच्या नावे पेट्रोल गाडीला तो १३ टक्क्यांपर्यंतच आहे, आणि गाडीवर भरलेल्या वस्तू व सेवा कराची वजावट सामान्यतः मिळत नाही. मी स्वतःच्या नावावर घेतली. दहा लाखांवरील घड्याळावर एप्रिल २०२५ पासून एक टक्का कर विक्रेता आगाऊ वसूल करतो, तो विवरणपत्रात वळता होतो, त्यामुळे त्याची धास्ती बाळगण्याचे कारण नाही. बाकी घड्याळ मी घेतलेले नाही, कारण गाळ्यात ते पावडर कोटिंगच्या धुळीने भरेल आणि बाहेर मी क्वचित असतो. गाडीच्या कर्जासाठी बँकेने संस्थेची तीन वर्षांची विवरणपत्रे मागितली आणि आठवड्याभरात मंजुरी दिली. ईसॉपचे पत्र या वेळी मी काढलेच नाही.

ज्यांच्यावर घराचा मोठा हप्ता आहे, मुले लहान आहेत आणि कंपनीचे शेअर बाजारात नोंदलेले आहेत, त्यांनी ऐरोली सोडू नये असेच मी सांगेन; नोंदलेला शेअर सकाळी विकून दुसऱ्या दिवशी पैसे खात्यात येतात आणि माझी तक्रार तेथे लागूच होत नाही. कंपनी नोंदलेली नसेल, तर निदान दोन गोष्टी लेखी मागाव्यात: नोकरी सोडल्यावर शेअर घेण्याची मुदत किती, आणि ते विकायला कुणाची संमती लागते. उत्तर गोलमाल आले, हाताशी एखादे कौशल्य असले आणि पहिली ऑर्डर देणारा एक तरी माणूस ओळखीचा असला, तर एक स्थानक पुढे येऊन गाळ्याचे भाडे विचारून पाहायला हरकत नसावी.

माझे उरलेले ८,४०० शेअर आजही डीमॅट खात्यात पडून आहेत. गेल्या महिन्यात त्यांच्या नव्या मूल्यांकनाचा ई-मेल आला, आकडा पुन्हा वाढला आहे. मी तो वाचला आणि तुर्भ्याच्या लेखापालाला फोन लावला, कारण त्याने गुरुवारचा वायदा केला होता आणि शुक्रवार उजाडला होता.