पेट्रोलची नळी बदलायची: पारदर्शक की काळी रबरी?

खानापूरचा एक मित्र अडकलाय: जुन्या कार्बोरेटरच्या गाडीला पारदर्शक पीव्हीसी नळी घालावी की काळी नायट्राईल रबरी?

किंमत बघाल तर पीव्हीसी स्वस्त. पण लागते वीतभरच, त्यामुळे फरक किरकोळच. बसवायलाही तीच सोपी: टोक गरम पाण्यात बुडवलं की कॉकवर (टाकीखालच्या तोटीवर) सरकन चढतं, आणि आतला कचरा, हवेचे बुडबुडे दिसतात. रबरी नळीला जरा जोर लागतो.

खरा प्रश्न टिकण्याचा आहे. पीव्हीसी मऊ राहते ती तिच्यात घातलेल्या प्लॅस्टिसायझरमुळे. पेट्रोल ते हळूहळू ओढून घेतं. मग नळी पिवळी पडते, कडक होते, आखडते. क्लिपजवळ बोटांनी वाकवून बघा, बारीक चीर दिसेल. तिथून थेंब गरम इंजिनवर पडला तर आग लागू शकते. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे, तेही नायट्राईल बऱ्यापैकी सोसते. उन्हाने तिलाही वरून भेगा पडतात, तेवढ्या बघत जा. घेताना नळीवर इंधनासाठी असल्याचा छाप हवाच. पाण्याची काळी नळीही तशीच दिसते.

चोर्ला घाटातून ये-जा करणाऱ्याने, गाडी उन्हात उभी ठेवणाऱ्याने रबरीच घ्यावी. पीव्हीसी फक्त कचरा कुठून येतो ते शोधायला, चार दिवसांपुरती. फ्युएल इंजेक्शनच्या गाडीला दोन्ही नकोत. तिथे दाब साधारण ३ बार असतो, कंपनीचीच नळी घाला.